ग्राफ ऐकू येतो का?

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीला मराठीत पास झाले म्हणून आमच्या घरी वेगळे पेढे वाटले होते. अजूनही कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी आधी मनात सिक्स्टी-नाईन की सेव्हन्टी-नाईन याचा हिशोब करते. पण मराठी विभागाची संपादिका माझी रूममेट निघाली आणि "दोन पानं रिकामी आहेत, तू लिही, नाहीतर तुझी मॅगी बंद" अशी धमकी मिळाली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घ्याव्यात ही विनंती.

विषय आहे ट्विटर. मोबाईलवरचं नव्हे, त्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. आमचं ट्विटर जुनं आहे आणि त्याचं नाव अजून तेच आहे. स्पीकरच्या खोक्यात जो मोठा कर्णा असतो तो वूफर, म्हणजे कुत्र्याच्या भुंकण्यावरून आलेलं नाव. आणि वर जो छोटासा बसवलेला असतो तो ट्विटर, पाखराच्या चिवचिवीवरून. तबल्याचा धा वूफरमधून येतो, झांजांची किणकिण आणि बोलण्यातले स, श, च ट्विटरमधून. ट्विटर बंद पडला तर वक्ता तोंडात रुमाल कोंबून बोलतोय असं वाटतं.

माझं आणि ट्विटरचं नातं घरचं आहे. मिरजेत माझ्या पप्पांचं साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. मिरज म्हणजे सतारी आणि डॉक्टर यांचं गाव, पण सतारीचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवणारा माणूसही लागतोच ना, ते आमचे पप्पा. लग्न, भजन, व्याख्यान, शाळेचं गॅदरिंग, सगळं करतात. पप्पा मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले. अॅम्प्लिफायरबरोबर येणारी मॅन्युअल्स इंग्लिशमध्ये असायची आणि त्यांना ती वाचता यायची नाहीत. "पोरीला तरी मॅन्युअल वाचता यायला पाहिजे" एवढ्या एका कारणासाठी त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. पाचवीपासून मी त्यांना मॅन्युअल वाचून दाखवते. 'डू नॉट ओव्हरलोड' हे मला शिकलेल्या कवितांपेक्षा जास्त पाठ आहे.

तर झालं असं, की गेल्या दिवाळीच्या आधी पप्पांना सहा खोक्यांचे ट्विटर बदलायचे होते. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, त्याच्या आत. त्यातच एक वाईट गोष्ट घडली होती. वर्षानुवर्षं आमच्याकडून साऊंड घेणाऱ्या एका भजनी मंडळाने दुसरीकडे ऑर्डर दिली. कारण विचारलं तर म्हणाले, "आवाज टोचतोय हल्ली." पप्पांना ते फार लागलं. माणसाला 'तुमचा स्वयंपाक बिघडलाय' म्हटल्यावर कसं होईल, तसं.

पप्पांनी गावातून एक सॅम्पल आणलं, चकचकीत बुलेट ट्विटर. मी पुण्यातून, तपकीर गल्लीतून, एक छोटा कम्प्रेशन ड्रायव्हर आणि त्याला प्लॅस्टिकचा हॉर्न घेतला. पहिल्याला आपण 'अ' म्हणू, दुसऱ्याला 'ब'. फोनवर वाद सुरू झाला. मी म्हटलं, "पप्पा, थांबा. मी मोजते." तिसऱ्या वर्षाचा मिनी प्रोजेक्ट शोधतच होते. सरही हो म्हणाले. पप्पांनी कुरियरने 'अ' पाठवून दिला.

मोजायला बसले आणि पहिल्याच संध्याकाळी 'ब' जाळला. त्याचं असं आहे, ट्विटर मोजायला स्वीप वाजवतात, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एकसलग चढत जाणारी शिट्टी. सॉफ्टवेअरमध्ये आधीच २० ते २०,००० हर्ट्झ भरलेलं होतं, मी एंटर दाबलं. या स्वीपमध्ये प्रत्येक सप्तकाला सारखा वेळ मिळतो. २० ते २०,००० म्हणजे साधारण दहा सप्तकं, आणि त्यातली पहिली सहा, म्हणजे सुमारे १२८० हर्ट्झपर्यंतची, ट्विटरची नाहीतच! तेवढाच आवाज द्यायचा तर सूर एक सप्तक खाली आला की पडद्याला चौपट हलावं लागतं. बिचाऱ्याने हलण्याचा प्रयत्न केला. 'टप्प' असा आवाज आला, आणि माझे महिन्याभराचे वडापावचे पैसे गेले.

पप्पांना फोन केला तर ते पोट धरून हसले. "अगं, कपॅसिटर लावला न्हवतास व्हय? एवढं शिकून?" पप्पा फॉर्म्युला सांगणार नाहीत, पण आजवर कपॅसिटर न लावता त्यांनी ट्विटरला कधी हात लावला नाही. मी फॉर्म्युला घातला तेव्हा कळलं, ८ ओहमला १० मायक्रोफॅरॅड लावला की सुमारे २,००० हर्ट्झच्या खालचं अडायला लागतं. पप्पा नेमका तोच लावतात. अंदाजाने.

दुसरा 'ब' आणला आणि मग रीतसर काम सुरू केलं. जागा होती आमच्या हॉस्टेलची टेबल टेनिसची खोली. वूफर मोजायचा तर प्रतिध्वनी नसलेली खास खोली किंवा मोकळं मैदान लागतं. ट्विटरला लागत नाही, हे मला फार आवडलं. ट्विटर जमिनीपासून १ मीटर उंच, माईक त्याच्यासमोर १ मीटरवर. सरळ येणारा आवाज १ मीटर चालतो, जमिनीवर आपटून येणारा सुमारे २.२४ मीटर. म्हणजे तो साडेतीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यात खिडकी बंद केली, म्हणजे कॉम्प्युटरला 'यापुढचं ऐकू नको' असं सांगितलं, की खोली गायब! बदल्यात सुमारे २८० हर्ट्झच्या खालचं काही धड कळत नाही. पण ट्विटरला तिथे काम काय? फक्त टेबल बाजूला सरकवावं लागलं, त्यामुळे टी.टी. टीमने माझ्याशी बोलणं सोडलं.

मांडवाची एक जुनी प्लायवूडची फळी पप्पांनी पाठवली होती, तिच्यात ट्विटर बसवला. भोक मुद्दाम मध्यावर पाडलं नाही. मध्यावर पाडलं तर चारही कडांवरून परतणारा आवाज एकाच वेळी येतो आणि ग्राफवर खोटा खड्डा दिसतो. माईक लॅबमधून सही करून आणला, तो कॅलिब्रेट केलेला होता. दोन्ही ट्विटर ८ ओहमचे, दोन्हींना सारखेच २.८३ व्होल्ट. हा आकडा विचित्र वाटतो, पण ८ ओहमला तो बरोब्बर १ वॅट होतो. ४ ओहमच्या ट्विटरला तेवढेच व्होल्ट दिले तर तो गुपचूप २ वॅट खातो आणि ३ डेसिबल जास्त 'हुशार' दिसतो. तुलनेत लबाडी कुठे कुठे लपते, बघा.

आणि स्वीपची गंमत म्हणजे त्यातून आवाज आणि बिघाड वेगवेगळे काढता येतात. इटलीच्या अँजेलो फरीना यांनी २००० साली ही पद्धत मांडली. ट्विटरने स्वतःच्या मनाने घातलेले जादा सूर गणित केल्यावर खऱ्या आवाजाच्या आधी, वेगळे उभे राहतात. व्हायवाला बाहेरच्या सरांनी नेमकं हेच विचारलं, आणि मला ते आलं. (आयुष्यात एकदाच होतं असं.)

रात्री साडेनऊला तेरावा स्वीप चालू असताना रेक्टर मॅडम धावत आल्या. "कुणी सायरन लावलाय? आग लागलीय का?" मी म्हटलं, "मॅडम, रिसर्च." मॅडम म्हणाल्या, "दहाच्या आत."

निकाल आला तो असा. 'ब' ची रेघ ३,००० पासून १४,००० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट, शेवटी हळूहळू उतरणारी. 'अ' ची रेघ ४,००० ते ५,००० च्या दरम्यान उंटासारखी वर, सात डेसिबलची मदार. बाजूला ४५ अंशांवर माईक नेला तर 'अ' चे वरचे सूर एकदम ढासळले. 'ब' हॉर्नमुळे बराच टिकला. मांडवात काही सगळे लोक खोक्यासमोर बसत नाहीत. बिघाडही 'ब' चा कमी. मॅच एकतर्फी.

तरी सर म्हणाले, कानांनाही विचार. मग हॉस्टेलच्या १४ मुलींची परीक्षा घेतली. दोन्ही ट्विटर दुपट्ट्यामागे, कुठला वाजतोय ते सांगायचं नाही. आवाज आधी मल्टिमीटर आणि माईक लावून सारखा केला, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर माणसाला नेहमी 'चांगला' वाटतो, दुकानदारांना हे फार जुनं ठाऊक आहे. १४ पैकी ११ जणींनी 'ब' निवडला. दोघींनी 'अ'. एक झोपली.

मी ग्राफ कलरमध्ये प्रिंट केले, लॅमिनेट केले आणि दिवाळीला घरी गेले. मनात म्हटलं, आता पप्पा काय बोलतात बघू.

दुकानात दोन्ही ट्विटर लावले. पप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि 'अ' कडे बोट दाखवलं. "ह्योच. दुसरा दबलाय. त्याला वरचा आवाजच न्हाई."

मी ग्राफ समोर धरला. पप्पांनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "अगं, ग्राफ ऐकू येतो का?"

यावर मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "पप्पा, यू डोन्ट अंडरस्टँड धिस." इंग्लिशमध्ये. ज्या इंग्लिशसाठी त्यांनी माझ्या शाळेच्या फिया हप्त्याहप्त्याने भरल्या, त्याच इंग्लिशमध्ये. दुकानातला त्यांचा हेल्पर खाली बघून वायर गुंडाळायला लागला. पप्पा काहीच बोलले नाहीत. चहा सांगतो म्हणून बाहेर गेले.

परत आल्यावर मला काहीतरी करायचं होतं म्हणून मी नुसताच स्वीप लावला. ५०० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत, ३० सेकंदांचा, गप्पांइतक्या आवाजात, 'ब' मधून. म्हटलं, "पप्पा, हात वर ठेवा, आवाज थांबला की खाली घ्या. मग बघू वरचं आहे का नाही." खेळ म्हणून म्हटलं. मला तो जवळजवळ २९ व्या सेकंदापर्यंत ऐकू येतो, म्हणजे साधारण १७,००० हर्ट्झ.

सोळाव्या सेकंदाला पप्पांनी हात खाली घेतला.

शिट्टी चालूच होती. हेल्परने तोंड वाकडं करून कानात बोट घातलं होतं, एवढी ती कर्कश होती. पप्पा माझ्याकडे बघत होते. "संपलं न्हवं?"

सोळावा सेकंद म्हणजे साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास. मी म्हटलं, "हो पप्पा, संपलं." आणि लॅपटॉप बंद केला.

रात्री झोप आली नाही. एकेक आठवायला लागलं. आई किचनमधून हाक मारते तेव्हा पप्पा 'काय?' म्हणतात, आणि आई म्हणते यांचं लक्षच नसतं. कुकरची शिट्टी ऐकू येते, पण मोबाईलची बारीक टिंगटिंग नाही. आणि भजनी मंडळ म्हणालं होतं, 'आवाज टोचतोय हल्ली.' पप्पा गेली काही वर्षं मिक्सरवर ट्रेबल वाढवत चालले होते, थोडं थोडं, त्यांना स्वतःला पुरेसं वाटेपर्यंत.

मिरजेत असल्यावर डॉक्टर शोधावा लागत नाही. 'सीझनच्या आधी एकदा तपासून घेऊ' असं आईला पुढे करून पप्पांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या छोट्या खोलीत बसवून हेडफोन लावला. बाहेर आले तो कागद म्हणजेही ग्राफच होता, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. १,००० हर्ट्झला ठीक. २,००० ला २५ डेसिबल. ४,००० ला ६० डेसिबल, एकदम खड्डा. ८,००० ला ५०. दोन्ही कान जवळपास सारखे. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" पप्पा म्हणाले, "साऊंड." डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी सांगितलं की वर्षानुवर्षं मोठा आवाज ऐकणाऱ्यांचा खड्डा बहुतेक वेळा ४,००० च्या आसपासच पडतो. आतल्या पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वय ५२ आहे, त्याचाही वाटा असेल.

घरी येऊन मी एक गोष्ट केली. ऑडिओग्राम आणि 'अ' चा ग्राफ एकाशेजारी एक ठेवले. एकात ४,००० ला खड्डा, दुसऱ्यात ४,००० च्या पुढे उंटाची मदार. जणू कुणी मापं घेऊन बनवलं असावं, इतके एकमेकांत बसणारे. पप्पा खोटं बोलत नव्हते. चुकत तर अजिबात नव्हते. त्यांच्या कानांना खरंच 'अ' पुरेसा आणि 'ब' दबलेला होता. माझा ग्राफ बरोबर, त्यांचं ऐकणंही बरोबर. मोजायचं राहिलं होतं ते मधलं यंत्र, कान.

कॉलेजला परतल्यावर वाचलं, कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या फ्लॉइड टूल यांनी १९८५ सालीच लिहून ठेवलंय, की धड ऐकू येणाऱ्यांची स्पीकरबद्दलची मतं बरीच जुळतात आणि ऐकू कमी येणाऱ्यांची विखुरतात. त्यामुळे ऐकणाऱ्यांचे कान आधी तपासावेत. मी १४ मुलींचे आवाज सारखे केले, व्होल्ट सारखे केले, टेबल हलवलं, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या माणसाचे कान एकदाही विचारात घेतले नाहीत. रिपोर्टमध्ये 'सोर्सेस ऑफ एरर' असा भाग असतो. त्यात मी हे लिहिलेलं नाही. इथे लिहिते.

पप्पांना कागद कसा समजावायचा हा प्रश्न होता. मी मराठीत सांगितलं. अडखळत, 'फ्रिक्वेन्सी' ला 'सुराची उंची' म्हणत. आडवी रेघ म्हणजे सूर, उभी म्हणजे मोठेपणा. मॅन्युअल वाचून दाखवायचे तसंच, फक्त या वेळी मला आवंढा येत होता. पप्पांनी शांतपणे ऐकलं. दोन्ही कागद बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "म्हणजे भजनवाल्यांस्नी टोचत हुतं ते खरंच टोचत हुतं की." एवढंच. स्वतःच्या कानांबद्दल एक शब्द नाही. गिऱ्हाइकाची तक्रार खरी निघाली, याचंच त्यांना जास्त वाटलं.

सहाही खोक्यांना 'ब' बसला. खोकी पप्पांनीच बसवली, कपॅसिटर लावून, मला हात लावू दिला नाही. आम्ही दोघांनी मोकळ्या हॉलमध्ये माईक ठेवून मोजलं आणि मिक्सरच्या ट्रेबलच्या बटणाशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीवर पप्पांनी एक रेघ मारली. वर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'याच्या पुढे नाही'. त्यांचा कान सांगतो अजून वाढव, पट्टी सांगते नको. ते पट्टीचं ऐकतात. स्वतःच्या कानापेक्षा पोरीच्या ग्राफवर विश्वास ठेवायला किती मोठं मन लागत असेल, हे मला अजून पुरतं कळलेलं नाही.

सगळं काही गोड झालेलं नाही. डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलंय. पप्पा म्हणतात, "साऊंडवाल्याच्याच कानात मशीन दिसलं तर ऑर्डर कोण दील?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. सीझन संपल्यावर बघू, असं त्यांचं चाललंय. इअरप्लग मात्र आता खिशात असतात, त्यांच्याही आणि हेल्परच्याही.

मित्रमैत्रिणींनो, उपदेश करायचा नाही असं ठरवलं होतं. पण आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर रात्री दोनला इअरफोन फुल्ल करून झोपणारी मंडळी आहेत, आणि गॅदरिंगला डीजेच्या खोक्याला टेकून नाचणारी तर विचारूच नका. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब साधा आहे. ८५ डेसिबल ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. ट्विटर जळला तर तपकीर गल्लीत दुसरा मिळतो. मी स्वतः आणलाय.

परवा पप्पांचा फोन आला. एका लग्नाच्या हॉलमध्ये आवाज घुमत होता. पूर्वी म्हणाले असते, "ऐकून बघतो." या वेळी म्हणाले, "माईक लावून मोजलंय. फोटो पाठवलाय. ग्राफ बघून सांग जरा, आणि मराठीत सांग."

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)